हिवाळ्यातील अनोळखी पाखरू आणि शाळा



दसरा उलटला, खरिपाची कापणी उरकत आली आणि पहाटेच्या हवेत गारवा शिरू लागला, म्हणजे महाराष्ट्रातील गावोगावी काही नवे पाहुणे येऊन दाखल होतात. त्यांना कोणी निमंत्रण धाडलेले नसते आणि त्यांच्या आगमनाची दवंडीही पिटली जात नाही. शाळेच्या पडक्या कुंपणावर, विहिरीच्या थारोळ्याशी, गावतळ्याच्या ओलसर काठावर किंवा ज्वारीच्या ताटांवर श्रावणात जे पाखरू नव्हते, ते कार्तिकात दिसू लागते. मोठी माणसे आपापल्या कामांत गढलेली असल्यामुळे त्यांचे तिकडे लक्ष जात नाही. मुलांचे मात्र जाते. तिसरी-चौथीतला एखादा मुलगा धावत येऊन विचारतो, "गुरुजी, ते पाखरू कोणतं?" ह्या लहानशा प्रश्नाला शिक्षकाने कसे उत्तर द्यावे, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाला सामान्यतः तीन प्रकारची उत्तरे मिळतात. "असेल काहीतरी, जा, जागेवर बस," हे पहिले. कोणते तरी नाव ठोकून देणे, हे दुसरे. "मला ठाऊक नाही, पण तू काय काय पाहिलेस ते सांग," हे तिसरे. पहिल्या उत्तराने मुलाचे पाहणे थांबते. दुसऱ्या उत्तराने ते अधिकच थांबते, कारण नाव मिळाले की वस्तू समजली अशी मुलाची समजूत होते आणि ते नाव चुकीचे असले तर ते आयुष्यभर मनात घर करून राहते. तिसऱ्या उत्तरात शिक्षकाची काहीच प्रतिष्ठा जात नाही. उलट मुलाला पुन्हा एकदा कुंपणाकडे जाऊन नीट पाहण्याचे कारण मिळते. ज्ञानाची वाट ह्या तिसऱ्या उत्तरातून जाते.

मुलाच्या प्रश्नाची दखल घेतली गेली, तर त्यातून केवढे कार्य उभे राहते, ह्याचे उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. सुमारे १९०८ साली सलीम अली नावाच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो हे त्याच्या ध्यानात आले आणि घरातील कोणालाही उलगडा होईना, म्हणून तो ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला परत पाठविले नाही. त्यांनी चिमणीची जात सांगितली आणि कपाटांचे खण उघडून भारतातील पक्ष्यांचे जतन केलेले नमुने त्याला दाखविले. पुढे हाच मुलगा भारतातील पक्षिशास्त्राचा अग्रणी झाला आणि १९४१ साली त्याने लिहिलेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने अनेक पिढ्यांना पाखरे पाहावयास शिकविले. ह्या प्रसंगातील बंदूक आजच्या मुलांनी घ्यावयाची नाही. घ्यावयाचे ते त्या मुलाचे "हिच्यात काहीतरी वेगळे आहे" हे ध्यान, आणि शिक्षकाने घ्यावयाचे ते मिलार्ड यांचे दार उघडून दाखविणे.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे वळू या. अनोळखी पाखरू दिसले की बहुतेक सर्वजण प्रथम रंग सांगतात. "काळे होते," "तपकिरी होते," एवढ्यावर वर्णन संपते. परंतु रंग हा साक्षीदारांतला सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार होय. सूर्याकडे तोंड करून पाहिले तर प्रत्येक पाखरू काळेच दिसते. अनेक जातींत नर एका रंगाचा, मादी दुसऱ्या रंगाची, तर पिल्लू तिसऱ्याच रंगाचे असते. म्हणून रंग विचारावा, पण अखेरीस. त्याआधी काही प्रश्न क्रमाने विचारले, तर मुलाच्या डोळ्यांना आपोआप वळण लागते.

पहिला प्रश्न आकाराचा. "केवढे होते?" ह्याचे उत्तर हात पसरून मिळते, ते उपयोगी पडत नाही. त्याऐवजी मुलाच्या रोजच्या ओळखीची पाखरे मापाला घ्यावीत. चिमणी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १५ सेंटिमीटर, साळुंकी सुमारे २३, कबुतर सुमारे ३३ आणि घार सुमारे ६० सेंटिमीटर भरते. ह्या चार मापांत "चिमणीहून मोठे, साळुंकीहून लहान" असे उत्तर पहिलीतले मूलही देऊ शकते. दुसरा प्रश्न घडणीचा: चोच दाणे फोडणारी आखूड व जाड होती, की किडे टिपणारी बारीक होती? पाय लांब होते की आखूड? तिसरा प्रश्न वागणुकीचा: ते पाखरू चिमणीसारखे दोन्ही पाय जोडून उड्या मारीत होते, की साळुंकीसारखे एकामागून एक पाऊल टाकीत चालत होते? शेपटी वर उभारीत होते, खालीवर हलवीत होते, की थरथरवीत होते? चौथा प्रश्न स्थळाचा: ते भिंतीवर होते, ओल्या जमिनीवर, पाण्यात, पिकात की झाडाच्या शेंड्यावर? पाचवा प्रश्न आवाजाचा, आणि मग सहावा रंगाचा.

ह्या प्रश्नांची कसोटी एका उदाहरणावर लावून पाहावी. समजा, एका शाळेच्या पडक्या भिंतीवर मुलांना एक पाखरू दिसले. "काळे आहे आणि खाली तांबूस आहे," असे एकाने सांगितले. एवढ्या वर्णनाने दोन पाखरांपैकी कोणतेही असू शकेल. एक आहे चिरक. तो आपल्याच गावचा, बारमाही राहणारा. दुसरा आहे थिरथिरा. तो हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. दोघेही चिमणीएवढेच, दोघेही माणसाच्या वस्तीजवळ, दगडधोंड्यांत व पडक्या जागी वावरणारे, दोघेही बारीक चोचीने जमिनीवरचे किडे टिपणारे. घाईने नाव दिले तर चूक ठरलेलीच.

आता शेपटीचा प्रश्न विचारावा. चिरक आपली काळी शेपटी पाठीवर उभी धरतो आणि ती उभारली म्हणजे तिच्या बुडाशी खालच्या अंगाला असलेला तांबूस रंग दिसतो. थिरथिऱ्याची शेपटीच तांबूस असते, तिच्या मधली दोन पिसे तेवढी गडद असतात, आणि बसल्या जागी ती सारखी थरथरत राहते. त्यावरूनच त्याला हे नाव पडले आहे. नर थिरथिऱ्याचे पोटही विटकरी असते. मादी मातकट तपकिरी असते. परंतु ती भुर्रकन उडाली की शेपटीचा तांबूस रंग चमकून जातो. चिरकाची मादीही तपकिरी असते. पण तिची शेपटी उडताना तांबूस दिसत नाही. म्हणजे काळे-तांबूस ह्या दोन शब्दांनी जो प्रश्न सुटला नाही, तो "शेपटी कशी धरतो?" ह्या एका प्रश्नाने सुटला. तांबूस रंग आहे की नाही ह्यापेक्षा तो नेमका कोठे आहे, हे विचारण्याचे महत्त्व मुलांना येथे पटते.

दुसरे उदाहरण धोब्याचे. पाण्याच्या काठी तुरुतुरु चालणाऱ्या आणि लांब शेपटी सतत खालीवर हलविणाऱ्या ह्या पाखरास काही गावी परीट म्हणतात. शेपटीची ती हालचाल पाहून कपडे आपटणाऱ्या परिटाची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु धोबी एक नाही. थोरला धोबी आपल्या नद्या-ओढ्यांवर बारा महिने राहतो व येथेच घरटे करतो. त्याचे डोके व तोंड काळे असून डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते. पांढरा धोबी हिवाळ्यात येतो. तो किंचित लहान असतो, त्याचे कपाळ व तोंड पांढरे दिसते आणि पाठ सामान्यतः करडी असते. त्याचे वजन अवघे वीस ग्रॅमच्या आसपास, पण तो उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हिमालयाची बाजू ओलांडून येथवर पोचतो. काळ्या तोंडावर पांढरी भुवई, की सारे तोंडच पांढरे, एवढी एक खूण मुलांच्या ध्यानात राहिली, तर गावचा कोण आणि पाहुणा कोण हे त्यांना ओढ्याच्या काठावर उभे राहून सांगता येईल.

पाहुणा आणि गावकरी ह्यांतील भेद ओळखण्यासाठी आणखी एक सोपी कसोटी आहे. हिवाळी पाहुणे येथे घरटे बांधीत नाहीत. त्यांची वीण उत्तरेकडे, आपल्या मूळ ठिकाणी होते. तेव्हा एखादे पाखरू चोचीत काडी किंवा कापूस धरून वळचणीला शिरताना दिसले, तर ते गावचेच समजण्यास हरकत नाही. त्याचप्रमाणे "हे पाखरू श्रावणात पाहिले होते काय?" हा प्रश्नही पुष्कळ उलगडा करतो. मुलांना ह्याचे उत्तर स्मरणातून नीट देता येत नाही. येथेच नोंदवहीची गरज उत्पन्न होते.

मुले सहज विचारतील की ही पाखरे एवढी यातायात करून येतात कशाला? थंडी सोसत नाही म्हणून, असे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. पिसांचे पांघरूण बरीच थंडी अडविते. खरी अडचण अन्नाची. उत्तरेकडे बर्फ पडला, पाणी गोठले, किडे नाहीसे झाले आणि दिवस आखूड झाला, म्हणजे पोट भरण्यास अन्नही उरत नाही व वेळही. त्याच सुमारास आपल्याकडे पावसाळा संपून तळी भरलेली असतात, शेतांत किडे असतात, पिके दाण्यावर येत असतात. पुढे उन्हाळा लागला की उत्तरेकडे बर्फ वितळते, दिवस लांबतो आणि पिल्लांना भरविण्यास मुबलक किडे मिळतात. म्हणून पाहुणे परत जातात. उजनी व जायकवाडी येथील जलाशयांवर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हे हंसाच्या जातीचे पक्षी तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे ही त्यांची खूण. मुलाच्या बोटाने नकाशावर हा मार्ग काढून घेतला, तर भूगोलाच्या पुस्तकातील हिमालय आणि गावाशेजारचा जलाशय एका रेषेने जोडले जातात.

ओळखीच्या कामात गावातील जाणत्यांना विसरून चालणार नाही. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारा धनगर, तळ्यावर जाळे टाकणारा कोळी, पिकाची राखण करणारी म्हातारी, ह्यांना पाखरांची जी माहिती असते, ती पुष्कळदा छापील पुस्तकांत सापडत नाही. भोरड्या कोणाला म्हणतात हे ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्या-पंखांची ही पाखरे थव्याथव्याने हुरड्याच्या ज्वारीवर उतरतात आणि शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो. ह्याच भोरड्या टोळ व नाकतोडेही मोठ्या प्रमाणात फस्त करतात आणि वसंतात पळस-सावरीच्या फुलांवर मध पिताना परागीभवनास साहाय्य करतात, ही दुसरी बाजू शाळेने सांगावी. थव्यातील कोवळी पाखरे गुलाबी नसून मातकट रंगाची असतात, हेही दाखवावे. रंगावर विसंबू नये, ह्याचा हा आणखी एक पुरावा. गावातील नाव मिळाले की ते जसेच्या तसे लिहून ठेवावे. मात्र एकच नाव दोन गावी दोन पाखरांना दिलेले आढळते, म्हणून नावाशेजारी वर्णन अवश्य असावे. मारुती चितमपल्ली यांनी जंगलात आयुष्य घालवून आपल्या पक्षिकोशासाठी जी नावे गोळा केली, ती अशाच साध्या माणसांच्या तोंडची होती.

आता नोंदवहीविषयी. एक साधी शंभर पानी वही, भिंतीवरील दिनदर्शिका आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरे आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, संख्या, पाखरू काय करीत होते व पाहणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी व वर्णन पूर्ण लिहावे. ही कोरी जागा लाजिरवाणी नाही. तीच वहीचा सर्वांत प्रामाणिक भाग होय. थवा मोठा असेल तर प्रथम दहा पाखरे मोजावीत, तेवढ्या दहांनी व्यापलेली जागा डोळ्यांनी मापावी आणि तशा किती जागा भरतात ते पाहून संख्या ठरवावी; गुणाकाराचा हा पाठ खडूफळ्याशिवाय होतो. पहिली-दुसरीच्या मुलांनी पाखरांच्या चालीची नक्कल करावी, तिसरी-चौथीच्या मुलांनी चार ओळी वर्णन लिहावे, आणि वरच्या वर्गांनी दरवर्षी थिरथिरा प्रथम कोणत्या तारखेस दिसला व शेवटचा केव्हा दिसला ह्याचा तक्ता करावा.

असा तक्ता पाच-दहा वर्षे चालला, तर त्याची किंमत शाळेपुरती राहत नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला असून तो ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी पाठविलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. ह्या निरीक्षकांत पगारी शास्त्रज्ञ थोडे आणि हौसेने पाहणारी माणसे पुष्कळ. अहवालाचा निष्कर्ष चिंतेचा आहे: ज्या जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती घटलेल्या आढळल्या. कोणते पाखरू कमी झाले हे सांगावयाचे, तर पूर्वी ते किती होते हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. खेड्यांतील माळराने, पाणथळी आणि पडीक जागा दरसाल बदलत आहेत, आणि त्यांच्याविषयीची लेखी नोंद मात्र फारच थोडी आहे. ज्या गावी नोंद नाही, त्या गावचे पाखरू नाहीसे झाले तरी कोणाला कळत नाही. शाळेची वही ही उणीव भरून काढू शकते.

हल्ली पुष्कळ शिक्षकांच्या हाती छायाचित्र घेणारा मोबाइल फोन असतो आणि चित्रावरून पाखराचे नाव सुचविणारी साधनेही त्यात मिळतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु यंत्राने दिलेल्या नावास सूचनेहून अधिक मान देऊ नये. ते पाखरू ह्या ऋतूत, ह्या प्रदेशात, अशा जागी आढळते काय, त्याचा आकार व वागणूक वहीतील वर्णनाशी जुळते काय, हे ताडून पाहावे आणि मगच कोरी जागा भरावी. वर्णन आधी लिहून मग यंत्र उघडावे, असा नेम ठेवल्यास मुलांचे डोळे आळसावत नाहीत.

ह्या उपक्रमास काही मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. जवळून पाहावयास मिळावे म्हणून गलोलीने पाखरू पाडणे किंवा फास लावणे, हे शाळेने कदापि होऊ देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बहुतेक सर्व रानपाखरांना संरक्षण आहे. पण कायद्याचे भय दाखविण्यापेक्षा वीस ग्रॅमच्या जिवाने केलेला प्रवास समजावून सांगितला, तर मुलाच्या हातातील गलोल आपोआप खाली येते. थव्यामागे धावू नये. लांबच्या प्रवासाने थकलेल्या पाखरास विश्रांती व अन्न दोन्हींची गरज असते. मेलेले पाखरू आढळल्यास त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि एकाच जागी अनेक पाखरे मेलेली दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

क्वचित एखाद्या पाखराच्या पायात धातूचे कडे आढळते. ते कोणाचे दागिने नव्हेत. त्यावर क्रमांक आणि कडे घालणाऱ्या संस्थेचा निर्देश असतो. पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर रोगांचे विषाणू देशोदेशी जातात काय, हे शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ च्या सुमारास अशी कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. कडे घातलेले पाखरू दुसरीकडे आढळून त्याचा क्रमांक कळविला गेला, तरच त्याचा प्रवास समजतो. म्हणून जिवंत पाखराचे कडे काढू नये. क्रमांक वाचता आला तर तो, तारीख व ठिकाण ह्यांसह संस्थेस किंवा वनखात्यास कळवावा. खेड्यातील एका पत्राने दोन देशांमधील वाट उजेडात येऊ शकते.

राज्य शासनाच्या निर्णयानुसार दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर ह्या काळात, चितमपल्ली व सलीम अली ह्यांच्या जन्मदिवसांच्या निमित्ताने, पक्षी सप्ताह पाळला जातो. वहीचे पहिले पान उघडण्यास हा मुहूर्त उत्तम. त्या आठवड्यात मुलांना शाळेभोवती अर्धा तास शांतपणे बसवावे, आणि दिसेल त्या प्रत्येक पाखराचे आधी वर्णन व मग नाव, ह्या क्रमाने लिहून घ्यावे. दहा पाखरांपैकी चारांची नावे मिळाली तरी पुष्कळ झाले. उरलेल्या सहांच्या जागा कोऱ्या राहू द्याव्यात. पुढच्या हिवाळ्यात तीच मुले त्या जागा भरण्यासाठी कुंपणाकडे पुन्हा पाहतील, आणि पाहावयास शिकलेले मूल पाखरांपुरतेच पाहून थांबत नाही.